मानवतची गोष्ट घरी कशी आली

इतिहासाच्या व्याख्यानाला चित्रपट हा विषय घेतला म्हणजे काही श्रोत्यांच्या कपाळाला आठी पडते, हे आम्हांस ठाऊक आहे. त्यातून तो चित्रपट खुनाचा, आणि चर्चा त्याच्या व्हिडिओ कॅसेटची, म्हणजे मग बोलावयासच नको. आपल्याकडे विषयांचा काही तोटा नाही. कंधारचा किल्ला आहे, राष्ट्रकूटांच्या बिरुदातले लट्टलूर आहे, हैदराबादचा मुक्तिसंग्राम आहे. हे सारे सोडून व्हिडिओच्या दुकानात शिरण्याचे कारण काय, असे कोणी विचारील तर तो प्रश्न रास्तच होय.

आमचे उत्तर साधे आहे. इतिहास केवळ घडत नाही, तो सांगितलाही जातो. जी गोष्ट आपल्या भूमीवर घडली ती कोणी सांगितली, कोणापुढे सांगितली, आणि ज्यांच्यावर ती ओढवली त्यांच्यापर्यंत ती कोणत्या वाटेने परत आली, हाही इतिहासाचाच भाग आहे. मराठवाड्यातील एका भयंकर प्रकरणाच्या बाबतीत ही वाट कॅसेटीवरून, तबकडीवरून आणि अखेर खिशातल्या दूरध्वनीवरून गेली. त्या वाटेचा मागोवा आज घ्यावयाचा आहे.

नांदेडहून औरंगाबादकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे, जाणाऱ्या लोहमार्गावर परभणी मागे पडली की थोड्याच वेळात मानवत रोड हे स्थानक लागते. तेथून आत मानवत हे बाजाराचे गाव. १४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ या काळात या गावाच्या परिसरात दहा खून झाले. मारल्या गेलेल्यांत दहा वर्षांच्या आसपासच्या पाच मुली होत्या, एक वर्षाची तान्ही पोर होती आणि तिशीतल्या चार स्त्रिया होत्या. पुरुष एकही नव्हता. सरकार पक्षाचे म्हणणे असे होते, की पिंपळाखालच्या गुप्तधनाच्या लोभाने आणि अपत्याच्या आशेने मुंजाला बळी देण्याचा हा प्रकार होता. १९७२ हे वर्ष दुष्काळाचे होते, हेही येथे ध्यानात ठेविले पाहिजे. विहिरी आटल्या होत्या, माणसे खडी फोडावयास गेली होती आणि घरच्या पोरी दिवसभर एकट्या होत्या.

तपासासाठी मुंबईहून गुन्हे शाखेचे रमाकांत कुलकर्णी आले. खटला परभणीच्या सत्र न्यायालयात चालला, तेथून उच्च न्यायालयात गेला, आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर अखेरचा निकाल दिला. सत्र न्यायालयाने दोषी ठरविलेल्यांपैकी काही पुढे सुटले, काहींच्या शिक्षा कायम झाल्या. माफीच्या साक्षीदारावर कितपत विसंबावे, या प्रश्नावर हा निकाल आजही वकील मंडळी पुढे करतात. कायद्याच्या पुस्तकात मानवत गेले ते असे, साक्षीपुराव्याचे एक उदाहरण म्हणून.

लोकांच्या मनात ते निराळ्या रीतीने गेले. आम्ही तेव्हा लहान होतो, नांदेडजवळच्या एका खेड्यात राहत होतो. आमच्या आत्याने थोरल्या बहिणीला एकटीने पाण्याला धाडणे बंद केले आणि घागर स्वतःच्या कमरेवर घेतली. बातमीचा कागद घरी आला की ती तो वाचून घेई, कारण तिला अक्षरओळख नव्हती, आणि ऐकून झाले की एकच विचारी, “ती कुणाची लेक होती रे?” कोणी मारले हे ती कधी विचारीत नसे. कागदात खुन्यांविषयी पुष्कळ असे, लेकीविषयी एखादी ओळ असे.

आता चित्रपटाकडे वळू. १९८१ साली अमोल पालेकर यांनी ‘आक्रीत’ हा मराठी चित्रपट काढला. दिग्दर्शक म्हणून तो त्यांचा पहिलाच. पटकथा विजय तेंडुलकरांची. प्रमुख भूमिका स्वतः पालेकरांनी आणि चित्रा पालेकरांनी केल्या. मानवतच्या प्रकरणाचा आधार घेऊन ती कथा रचिलेली होती. नावे बदलली होती, घटना मात्र मराठवाड्यातल्या कोणाही माणसाला ओळखू येतील अशा होत्या. गुन्हेगाराला राक्षस करून मोकळे व्हावे, असे तेंडुलकरांनी केले नाही. गावातला पैसा, सत्ता आणि पुढारपण ज्याच्या हाती, त्याच्याच दारात पोरीबाळींचे रक्त कसे सांडते आणि गाव ते कसे पाहून न पाहिल्यासारखे करते, हे त्यांनी दाखविले. चित्रपट मोठ्या भांडवलाचा नव्हता. गाणी-नाच घालून तो विकावा असा त्याचा घाटही नव्हता. त्याच वर्षी फ्रान्समधील नांत शहरी भरणाऱ्या तीन खंडांच्या चित्रपटमहोत्सवात त्याला परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले.

नांतपर्यंत तो गेला. नांदेडपर्यंत त्याचे जाणे तितके सोपे नव्हते. त्या काळी जिल्ह्याच्या गावातील चित्रपटगृहांचे गणित सरळ होते. हिंदी चित्र चालले तर महिना, तमाशाप्रधान किंवा विनोदी मराठी चित्र चालले तर दोन आठवडे. गंभीर चित्राला फार तर रविवार सकाळचा एखादा खेळ मिळे. तालुक्याच्या गावी आणि जत्रेत फिरते तंबू येत. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आम्ही तंबूत बसून चित्रे पाहिली आहेत. परंतु तंबूवालाही जुनी, हमखास गर्दी खेचणारी रिळेच आणी. यात दोष कोणा एकाचा नाही. रिळांची एकेक प्रत खर्चाची, ती फिरवावयाची तर भाडे निघाले पाहिजे.

येथे दूरच्या एका बेटाकडे पाहणे उपयोगी पडेल. कॅरिबियन समुद्रात जमैका म्हणून एक बेट आहे. तेथे पेरी हेन्झेल या दिग्दर्शकाने पैशाची जुळवाजुळव करीत, जमेल तसे चित्रण करीत ‘द हार्डर दे कम’ हा गुन्हेगारीपट पुरा केला. तो पडद्यावर आला तो १९७२ साली, म्हणजे आमच्या दुष्काळाच्याच वर्षी. १९४८ साली पोलिसांच्या गोळीने मेलेल्या एका खऱ्या फरारी गुन्हेगाराची आठवण त्या कथेमागे होती. नायक जिमी क्लिफ हा गायक होता. पात्रे तेथल्या रस्त्यावरच्या बोलीत बोलत, इतकी की अमेरिकेत इंग्रजी बोलणाऱ्यांसाठीही खाली इंग्रजी अक्षरे द्यावी लागली. आम्हांस महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही, की हा चित्रपट प्रथम किंग्स्टन शहरातल्या लोकांनीच पाहिला. चित्रपटगृहात माणूस मावेना. ज्यांची गोष्ट, त्यांनी ती आधी पाहिली, त्यांनी ती आपली म्हटली, आणि मग ती लंडन-न्यूयॉर्कला गेली. ‘आक्रीत’च्या वाट्याला हा क्रम आला नाही. आधी परदेशचा मान, मग शहरातल्या जाणत्यांची वाहवा. ज्यांच्या दारातली ती गोष्ट होती ते सर्वांत मागे राहिले.

ही अडचण दूर करील असे साधन नेमके त्याच सुमारास आले. सोनी कंपनीची बेटामॅक्स पद्धत १९७५ साली आणि जेव्हीसी कंपनीची व्हीएचएस पद्धत १९७६ साली जपानात निघाली. आपल्या देशात १९८२च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आले आणि पाठोपाठ व्हीसीआरही घरोघर नसला तरी गल्लोगल्ली दिसू लागला. योगायोग असा, की त्याच वर्षी लातूर हा उस्मानाबादपासून निराळा होऊन स्वतंत्र जिल्हा झाला. लातुरात गंजगोलाईच्या परिसरात, नांदेडात वजिराबाद-इतवाऱ्याकडे आम्ही व्हिडिओच्या पाट्या पाहिल्या त्या या वर्षांत. एका रात्रीच्या भाड्याने रंगीत संच, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी मिळत. दहा घरे वर्गणी काढीत. बैलगाडीत गोधडी अंथरून त्यावर संच ठेवून तो खेड्यात नेला जाई. वीज गेली तर जनरेटर. मारुतीच्या पारासमोर पोरे, त्यांच्यामागे बाप्ये, आणि ओट्यावर काळोखात बाया. पहाटे तिसरे चित्र संपेपर्यंत निम्मे गाव झोपलेले असे, पण कोणी उठून जात नसे, कारण वर्गणी दिलेली असे. पुण्या-मुंबईकडे धावणाऱ्या खाजगी गाड्यांनाही व्हिडिओ कोच असे नाव पडले.

रीळ जेथे पोचत नव्हते तेथे कॅसेट पोचू लागली. आता ‘आक्रीत’सारखे चित्र मानवतच्या शेजारच्या गावी जावयास काय हरकत होती? हरकत यंत्राची नव्हती, व्यवहाराची होती. कॅसेटवाला बाजारात जे मागितले जाई तेच ठेवी, आणि पुष्कळदा तेही चोरून उतरविलेले. १९८४ साली प्रताधिकाराचा कायदा दुरुस्त होऊन व्हिडिओवर निर्मात्याचे व हक्कदाराचे नाव-पत्ता छापणे बंधनकारक झाले, शिक्षा वाढविण्यात आली. तरी जिल्ह्याच्या गावातील फळीवर साध्या पांढऱ्या कागदावर पेनने नाव लिहिलेल्या कॅसेटींचीच रांग असे. त्या फळ्यांवर आम्ही ‘आक्रीत’ पुष्कळदा शोधला. आम्हांस तो तेथे कधी दिसला नाही. दुकानदाराला नाव सांगितले की तो आपुलकीने विचारी, “हाणामारीचा आहे का भुताचा?”

तथापि व्हिडिओ हे केवळ उताऱ्याचे साधन राहिले नाही. १९८८ साली ‘न्यूजट्रॅक’ हे बातम्यांचे मासिक कॅसेटच्या रूपाने निघू लागले. जे दूरदर्शन दाखवीत नाही ते कॅसेटवर दाखविता येते, हे लोकांना कळले. याच हवेत १९९१ साली श्रीराम राघवन यांनी ‘रामन राघव’ हा सुमारे सत्तर मिनिटांचा गुन्हेगारीपट केला. राघवन पुण्याच्या चित्रपटसंस्थेत शिकलेले. १९६०च्या दशकात मुंबईच्या उपनगरांत झोपडीत आणि पदपथावर निजलेल्या माणसांची डोकी फोडणाऱ्या खुन्याची ती हकीकत. भूमिका रघुवीर यादव यांची. हे चित्र व्हिडिओवर काढले, व्हिडिओसाठी काढले. मोठ्या पडद्याची वाट त्याने धरलीच नाही. थोडक्या पैशांत, गाण्यांवाचून, नटनट्यांच्या झगमगाटावाचून असे चित्र होऊ शकते, याचा तो पुरावा होय.

या दोन चित्रांमध्ये एक दुवा आहे. १९६८ साली रामन राघवला पकडल्यानंतर त्याच्याकडून गुन्ह्यांची कबुली मिळविणारे अधिकारी रमाकांत कुलकर्णी हेच होते. म्हणजे एकाच अधिकाऱ्याच्या दोन तपासांवर दोन लहान चित्रे निघाली, एक मराठवाड्याचे आणि एक मुंबईचे. दोन्हींतले बळी गरीब, निनावी, उघड्यावरचे. दोन्ही चित्रे नावाजली गेली आणि दोन्ही सामान्य माणसाच्या हाती सहजी लागली नाहीत. एकाला रिळांचा धंदा आडवा आला, दुसऱ्याला कॅसेटींचा धंदाच पुढे उरला नाही.

कारण कॅसेटीचे आयुष्य थोडे. आपल्याकडच्या पावसाळ्यात फितीला बुरशी धरते, उन्हाळ्यात ती ताणते, आणि शंभरदा फिरली की चित्रावर पांढरे पट्टे येतात. १९९०च्या दशकाच्या अखेरीस व्हीसीडी आली आणि कॅसेटी पोत्यांत गेल्या. पुढे २००६-०७च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकावयास काढल्या, तेव्हा चोरट्या तबकडीची आणि खऱ्या तबकडीची किंमत जवळजवळ सारखी झाली. नांदेडच्या बसस्थानकावर एका हातात केळी आणि दुसऱ्या हातात तबकडी घेऊन लोक गाडीत चढत. किंमत उतरली की चोरी आपोआप कमी होते, एवढा धडा त्यातून घेता आला असता. सरकारने २००९ साली झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांसाठी केलेल्या स्थानबद्धतेच्या कायद्यात व्हिडिओचोरांनाही बसविले. परंतु तोवर तबकडीचेही दिवस भरत आले होते. ज्या फुनाई कंपनीने जगात शेवटपर्यंत व्हीसीआर बनविले, तिने जुलै २०१६ मध्ये ते काम बंद केले.

चोरीच्या प्रतीविषयी बोलताना एकदम नाक मुरडणे आम्हांस पटत नाही. जमैकाच्या गुंडांवरचा ‘शॉटाज’ हा थोडक्या खर्चाचा चित्रपट २००२ साली तयार झाला, पण त्याची अपुरी प्रत आधीच बाहेर पडून हातोहात विकली गेली, आणि रीतसर प्रदर्शन २००६ साली झाले. तोवर तो गल्लीगल्लीत पाठ झालेला होता. आपल्याकडे २०१६ साली ‘सैराट’ची प्रत फुटली, मोबाइलच्या दुकानात दहा-वीस रुपयांत कार्डात भरून मिळू लागली, आणि तरीही लोकांनी चित्रपटगृहे भरून टाकली. चोरीने निर्मात्याचे नुकसान होते हे खरेच, त्याचे समर्थन कोणी करू नये. मात्र चोरबाजार भरतो तो बहुधा जेथे सरळ बाजार पोचलेला नसतो तेथे, हेही तितकेच खरे.

साधन हाती आले तर लहान गाव काय करू शकते, याचे उदाहरण आमच्या माळेगावचे नसले तरी नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावचे आहे. तेथे व्हिडिओघर चालविणाऱ्या शेख नासीर यांनी २००० साली गावातलीच माणसे घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला. यंत्रमागावर राबणाऱ्यांनी दुसऱ्याची गोष्ट आपल्या तोंडाने सांगितली आणि ती गावानेच गर्दी करून पाहिली. मराठवाड्यातही व्हिडिओवर लग्ने निघाली, कीर्तने निघाली, विनोदी फिती निघाल्या. परंतु मानवतविषयी आपल्यापैकी कोणी, आपल्या बोलीत, आपल्या कॅमेऱ्याने काही सांगितल्याचे आमच्या पाहण्यात नाही. आम्ही दुसऱ्यांनी सांगण्याची वाट पाहत राहिलो. हा दोष शहरवाल्यांचा नव्हे, आपला आहे.

आणि दुसऱ्यांनी ती पुन्हा सांगितली. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘मानवत मर्डर्स’ ही मराठी मालिका सोनी लिव्ह या सेवेवर आली. दिग्दर्शक आशिष बेंडे. आधार रमाकांत कुलकर्णींनी आपल्या तपासांवर लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाचा. कुलकर्णींच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर. या वेळी गोष्ट नांतला जाऊन मग फिरत आली नाही. ज्या दिवशी मुंबईत त्याच दिवशी मानवतला. रीळ नको, कॅसेट नको, तंबू नको. पन्नास वर्षांनी अंतर मिटले, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु आम्ही ती कशी पाहिली, ते सांगितले पाहिजे. दिवाळीला घरी सारे जमलो होतो. पुतण्या माडीवर कानांत बोंडे घालून पाहत होता. सून स्वयंपाक आवरून दुसऱ्या खोलीत पाहत होती. आम्ही बाजेवर आमच्या दूरध्वनीवर. एका घरात तीन ठिकाणी तीच गोष्ट चालली होती आणि कोणी कोणाशी बोलत नव्हते. आत्या आता नव्वदीला टेकली आहे, डोळ्यांना कमी दिसते. तिने आवाज ओळखून विचारले, “मानवतचंच हाय ना रं ते?” आम्ही होय म्हटले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “त्या पोरी कुणाच्या व्हत्या, ते सांगतेत का ह्याच्यात?”

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला देता आले नाही. मालिका वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. तपासाची गोष्ट सांगावयाची तर तपास करणारा पुढे येणार, हे ओघानेच आले. तेंडुलकरांनीही सत्तेची गोष्ट सांगितली, म्हणून सत्तावान पुढे आला. न्यायालयाने पुराव्याची गोष्ट सांगितली, म्हणून माफीचा साक्षीदार पुढे आला. प्रत्येकाने आपापल्या परीने खरेच सांगितले. ज्या लेकी गेल्या त्यांच्या बाजूने सांगणारा मात्र कोणी निघाला नाही, आणि तो निघावयाचा तर मुंबईहून निघणार नाही. तो येथूनच निघाला पाहिजे.

त्यासाठी दोन गोष्टी तरी आपल्या हातच्या आहेत. पहिली ही, की अशा चित्रांच्या प्रती रीतसर, हक्कदारांच्या संमतीने, आपल्या ग्रंथालयांत आणून ठेवाव्या. पुण्यास १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले, ते योग्यच झाले, पण नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्याने मराठवाड्याचे चित्र पाहावयास दर वेळी पुण्यास का जावे? १९६७च्या कायद्याने आपल्याकडे गावोगाव सार्वजनिक ग्रंथालये उभी राहिली. त्यांनी पुस्तक ठेविले तसे चित्रही ठेवावे. आज जी मालिका एका कळीने दिसते ती उद्या त्याच कळीने नाहीशीही होईल. कॅसेटीला निदान बुरशी लागावयास काही पावसाळे लागत.

दुसरी गोष्ट, चित्र एकत्र बसून पाहावे. मारुतीच्या पारावर वर्गणी काढून पाहिलेल्या त्या तीन चित्रांत कलेचे फारसे काही नव्हते, पण चित्र संपल्यावर पारावर बोलणे होई. कोण चुकले, कोणी काय करावयास हवे होते, आपल्या गावात असे झाले तर काय, याची चर्चा दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर चाले. घरी आलेल्या चित्राने ही चर्चा मोडली. ती पुन्हा जोडावयाची तर असेच एखादे सभागृह हवे, असाच चैत्र-वैशाखातला संध्याकाळचा गारवा हवा, आणि पुढच्या रांगेत आमच्या आत्यासारख्या बाया हव्यात. दिवे लागल्यावर पहिला प्रश्न त्यांनी विचारावा, आणि त्याचे उत्तर दिल्यावाचून आपण कोणी उठू नये.